मशीन बंद करू नये

८ सप्टेंबर, सोमवार

...पहिली भाकर तव्यावर होती, दुसरी थापत होते. नळ आला होता म्हणून मोरीत बादली लावलेली, एक कान तिच्याकडे. डाळ शिजायची होती. दीक्षाचे पप्पा मोबाईल तोंडापाशी धरून स्वयंपाकघरात आले, कारण पुढच्या खोलीत पंखा आवाज करत होता. म्हणाले, जरा चूप राय, आवाज भरायचा आहे. मी म्हटलं, मी चूप राहीन, भाकर कशी चूप राहील? मग त्यांनी तसाच भरला. ‘पाच वाजले बरं. मशीन बंद करा अन् घरी जा. घरी कोनीतरी वाट पाहून राह्यलं.’ मागे माझं थप थप ऐकू येतं. बादली सांडायला लागली, ती त्यांनीच उचलली. डबा घेतला, गेले.

जुनी गोष्ट, विशेष सकाळ नव्हती. आठवायचं कारण तांत्रिक आहे.

तो आवाज त्यांनी ते काम करत त्या शिक्षणसंस्थेच्या नऊही कॉम्प्युटरमध्ये बसवला. लोक मशीन चालू ठेवून निघून जात, मग हे खोल्या फिरून बंद करत बसत अन् घरी यायला उशीर. म्हणून ही घोषणा. रोज पाचला सगळी मशीन बोलतात. घड्याळं थोडी मागेपुढे आहेत, त्यामुळे व्हरांड्यात उभं राहिलं की आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेल्यासारखा वाटतो. मी रोज उभी राहते. तपासणी म्हणून.

मागच्या नोव्हेंबरात हे गेले. छातीत दुखलं, आदिलाबादच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्यांच्या जागेवर संस्थेनं मला घेतलं. कॉम्प्युटर असिस्टंट, टेंपररी. सातवीनंतर माझी शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. त्यांची कॉम्प्युटरची सगळी पुस्तकं मी वाचून काढली आहेत.

आज फी काउंटरचं मशीन पाचला बोललं नाही. चौकशी केली. रविवारी आपोआप अपडेट झालं. नवीन झालेल्या मशीनवर यांचा तो घोषणेचा छोटा प्रोग्राम चालत नाही.

निश्चय: या संस्थेत यापुढे एकही अपडेट होणार नाही. कारण शिस्त. पाचची घोषणा गेली तर दफ्तराची शिस्त जाईल. आवाज कुणाचा आहे याचा इथे संबंध नाही.

९ सप्टेंबर

सगळ्या मशीनवर चिठ्ठी चिकटवली. ‘अपडेटचा निरोप आल्यास “नंतर” दाबावे. हुकुमावरून.’ मराठी, तेलुगू, इंग्रजी. तेलुगू अश्विनीनं लिहून दिलं. अश्विनी अकाउंट पाहते, मुधोळकडची, माझ्याहून लहान, मला अक्का म्हणते. कॉम्प्युटरमधलं तिला बऱ्यापैकी येतं, पण वाचन नाही.

हेडक्लार्क पंढरीनं चिठ्ठी चष्मा वर करून वाचली, मग चष्मा खाली करून वाचली. विचारलं, हुकूम कोनाचा वो ताई? मी म्हटलं, तांत्रिक विभागाचा. तो म्हणाला, विभागात किती जनं हायेत? मी म्हटलं, तो मुद्दा नाही.

विषय संपला. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

१२ सप्टेंबर

लायब्ररीच्या मशीनवर निरोप आला होता. ‘नंतर’ दाबण्याआधी विचार केला, हे लोक नेमकं काय करणार आहेत ते तरी वाचावं. खाली कंपनीचा करार होता. लोक न वाचता ‘मान्य’ दाबतात. मी डिक्शनरी घेऊन बसले. ‘हिअरइनआफ्टर’ या एका शब्दात सकाळ गेली. जेवणानंतर चौथ्या पानावर आले. पाणी प्यायला उठले. परत येऊन पाहते तर निळा पडदा अन् त्यावर टक्के वाढून राहिलेले.

मी मान्य केलंच नव्हतं. म्हणजे विचारायची नुसती रीत. लग्नात मुलीला विचारतात तसं.

पाचला लायब्ररी चूप. व्हरांड्यातला आवाज आता मध्येच ठेच लागल्यासारखा होतो.

दोष लायब्रेरियन देवाजींचा. त्यांनी माउस हलवला असावा. ते म्हणतात, मी हातच लावला नाई बाई, मी तं झोपलो होतो.

निश्चय: करार वाचणे बंद.

१५ सप्टेंबर, सोमवार

मोठा शोध लागला. अपडेट होतं ते मशीन बंद करताना. बंद करायचं बटन दाबलं की त्याच्या आड ते आपलं काम उरकून घेतं. पुस्तकात पान दुमडून ठेवलेलं होतं, यांनीच दुमडलेलं असणार. मला हे आधीच कळायला हवं होतं असं नाही. कोणाला कळलं असतं?

उपाय सरळ आहे. नवीन चिठ्ठी: ‘मशीन बंद करू नये.’ तांबड्या शाईत.

पंढरी पाचला माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. घोषणा होऊ दिली. मग म्हणाला, ताई, दादा म्हनते बंद करा, तुमी म्हनता बंद करू नका. आमी मानसानं ऐकावं कोनाचं? मी म्हटलं, ऐकायचं त्यांचं, करायचं माझं. आमच्या घरी असंच होतं. तो खो खो हसला, मग एकदम हसायचा थांबला अन् चप्पल शोधत बसला. चप्पल पायातच होती.

१८ सप्टेंबर

सेक्रेटरी उत्तमराव सरांनी बोलावलं. म्हणाले, काल रात्री रस्त्यानं चाललो होतो तं आपली संस्था सिनेमा टॉकीजवानी दिसून राह्यली होती. प्रत्येक खिडकीत उजेड. काय प्रकार आहे? मी सांगितलं, तांत्रिक सुरक्षा. सर म्हणाले, सुरक्षेचं बिल कोन भरणार? म्हटलं, सर, शिस्तीसाठी थोडी झळ सोसावी लागते. सर म्हणाले, जेवून राह्यल्या ना बाई वेळेवर?

विषयाला सोडून प्रश्न विचारायची त्यांना सवय आहे.

आज हॉस्टेलचं मशीनही गेलं. चालूच होतं. वॉर्डन जेवायला गेला अन् त्यानं आपोआप बंद होऊन, आपोआप चालू होऊन, सगळं उरकलं. म्हणजे बंद केलं तरी करतं, चालू ठेवलं तरी करतं. कुठूनच वाट नाही. अडकल्यासारखं वाटतं.

मला नाही. मशीनला.

१९ सप्टेंबर

दीक्षाचा हैदराबादहून फोन. दवाखान्यात नर्स आहे, तिथं परवा सगळं अपडेट झालं. म्हणते, मम्मी, अपडेट चांगलं असते, नाई केलं तं बाहेरचे लोक मशीनमधे घुसतात. मी म्हटलं, तू इंजेक्शन दे, मला शिकवू नको. मग म्हणाली, तू घरी किती वाजता येतेस? म्हटलं, पाचला निघते. म्हणाली, शेजारच्या काकू तं म्हणत होत्या सात वाजतात. म्हटलं, काकूंचं घड्याळ पुढे आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

मुळावर घाव घातला.

अपडेट येतं कुठून? नेटमधून. नेट येतं कुठून? दफ्तरातल्या पांढऱ्या डब्यातून. रात्री डबाच नसला तर? साडेपाचला डबा काढला, टॉवेलात गुंडाळला, जेवणाच्या पिशवीत ठेवला अन् घरी आणला. सकाळी नेऊन लावायचा. दिवसभर मी तिथे असतेच, नजर ठेवायला.

इतकी साधी गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांना सुचत नाही.

डब्याला घरी कुठे ठेवावं कळेना. फळीवर यांच्या फोटोशेजारी जागा होती, तिथे ठेवला. दिवे बंद होते तरी मी दोनदा पाहिलं.

२४ सप्टेंबर

पद्धत उत्तम चालू आहे. फक्त हॉस्टेलच्या पोरांनी वॉर्डनच्या खोलीवर मोर्चा नेला, संध्याकाळपासून नेट नाही म्हणून. वॉर्डनला सांगितलं, पोरांना पुस्तकं वाचायला लावा. तो म्हणाला, पोरं वाचून राह्यली ताई, तुमच्या नावानं बोर्डावर काय काय लिहून राह्यली ते एकमेकांना वाचून दाखवून राह्यली.

चांगलं आहे. वाचन वाढलं.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र दिनासाठी माहेरी आले आहे, मुधोळजवळ. विहारात सगळे पांढऱ्या कपड्यात. वहिनी म्हणाली, वन्सं, पिशवीत जड काय आहे? म्हटलं, दफ्तराचं काम.

दुपारी पंढरीचा फोन. दसऱ्याची सुट्टी असली तरी अॅडमिशनचं काहीतरी सरकारी पाठवायचं होतं म्हणून तो अन् प्रिन्सिपल आलेले. म्हणाला, ताई, चोरी झाली. नेटचा डबा गेला. प्रिन्सिपल पोलिसांत अर्जी देऊन राह्यले. मी म्हटलं, अर्जी देऊ नका. तो म्हणाला, काऊन? मी म्हटलं, डबा सुरक्षित आहे. तो म्हणाला, कुठं? मी म्हटलं, मुधोळला. पंढरी मागे कुणाला तरी म्हणाला, सर, कागद फाडा, डबा माहेरी गेला आहे.

सगळे हसले ते मला ऐकू आलं. मी फोन ठेवला. वहिनी विचारत होती, जेवायला बसू या का.

६ ऑक्टोबर, सोमवार

डबा लावला. इतक्या दिवसांची साचलेली सगळी अपडेटं एकदम आत शिरली. प्रिन्सिपल सरांचं, अश्विनीचं, स्टाफरूमचं, लॅबमधलं. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावत होते. स्टाफरूममध्ये पोचेस्तोवर लॅब गेली होती. लॅबमध्ये पोचले तर निळा पडदा, ‘थोडा वेळ लागेल, मशीन बंद करू नये’. माझेच शब्द.

आता राहिली दोन. पंढरीचं आणि यांचं, म्हणजे माझ्या खोलीतलं.

पाचला व्हरांड्यात चाल अशी उरलीच नाही. हे एकदा या टोकाला बोलले, एकदा त्या टोकाला.

तरीही हे अपयश म्हणता येणार नाही. आता लक्ष दोनच मशीनवर ठेवायचं आहे. काम हलकं झालं.

९ ऑक्टोबर

कालपासून डोकं चालवत होते. आज सुचलं.

मशीन तारीख पाहून ठरवतं. मग तारीखच मागे नेली तर? दोन्ही मशीनचं घड्याळ एक वर्षानं मागे केलं. आता त्यांना वाटतंय मागचंच वर्ष चालू आहे. अपडेट यायला वर्ष बाकी.

मागच्या वर्षी ९ ऑक्टोबरला दीक्षाचे पप्पा याच खुर्चीत बसलेले होते. नोंद म्हणून लिहिते. तांत्रिक बाबीशी संबंध नाही.

दिवसभर कोपऱ्यातली तारीख बघायला बरं वाटलं. सुबक दिसते.

१५ ऑक्टोबर

पंढरी दाखले छापतो त्यावर मशीन स्वतःच तारीख टाकतं, हे माझ्या लक्षात नव्हतं. जूनमध्ये दाखल झालेली पोरगी मागच्या ऑक्टोबरातच आपल्या इथं शिकून राहिली होती असा दाखला गेला. बसच्या पासवाल्यानं परत पाठवली. पोरगी पंढरीसमोर उभी. पंढरीनं कागद माझ्यासमोर आणून ठेवला. काहीतरी टोमणा मारेल म्हणून मी तयार होते. त्यानं तारखेवर बोट ठेवलं, बोट तसंच राहू दिलं, अन् म्हणाला, या तारखेला मी अन् दादा भैंसाला गेलो होतो, संस्थेचे पंखे आणाले. येताना दादानं तुमच्यासाठी सीताफळं घेतली होती.

हो. पिकलेली निघाली होती सगळी.

दाखल्यावर हातानं तारीख दुरुस्त करून द्यावी असं ठरलं. पंढरी म्हणाला, ठीक आहे ताई, घ्या. मागचं वर्ष असू द्या आनखी थोडे दिवस.

त्याला ही पद्धत पटलेली दिसते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी झाली. इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पोरांची परीक्षेची नोंदणी सुरू. पंढरीच्या मशीनवर सरकारी साइट उघडत नाही. तांबडी पाटी येते, तुमचं घड्याळ चुकलं आहे. मी पंढरीला म्हटलं, उद्या उघडेल. मंगळवारी म्हटलं, उद्या.

(हे मंगळवारीच लिहिते आहे. सोमवारी लिहायचं जमलं नाही.)

२९ ऑक्टोबर

उत्तमराव सर स्वतः आले. पोरांची नावं जायची आहेत अन् तुमी तारखेशी काय खेळून राह्यल्या, असं सगळ्यांसमोर बोलले. आजवर ते माझ्याशी असं बोलले नव्हते. मी नोंदणीबद्दल विचारच केला नव्हता. मी घोषणेचाच विचार करत होते. म्हणजे शिस्तीचा.

पंढरीनं घड्याळ बरोबर केलं. साइट उघडली. त्यानं जेवण न करता पोरांची नावं भरली. चारला उठून तोंड धुवायला गेला, तेवढ्यात मशीननं वर्षाचं सगळं एकदम उरकायला घेतलं. तो परत आला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, आईशपथ ताई, मी ‘नंतर’च दाबलं होतं.

पाच वाजले. पंढरीचं मशीन निळं. मी व्हरांड्यात. आणि पंढरी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्यानं म्हणाला, पाच वाजले बरं. मशीन बंद करा अन् घरी जा. यांचीच ढब, शेवटचा शब्द थोडा ओढून.

मी त्याला वाट्टेल ते बोलले. माणसाला काही कळतं की नाही, म्हटलं, ही काय नक्कल करायची गोष्ट आहे. तो उभा राहिला. म्हणाला, चुकलं ताई. घरी वाट पाहून राह्यलं ते म्हनलो नाई मी. तेवढं मला कळते.

घरी आल्यावर स्वयंपाक केला नाही. चहा घेतला.

३ नोव्हेंबर, सोमवार

आता एकच. यांचं.

खोलीला आतून कडी घालते. कुलपाची किल्ली कमरेला. नेटची वायर काढून टाकली आहे, त्यामुळे मला कुणाची पत्रं येत नाहीत अन् मला कुणाला पाठवता येत नाहीत. छापायचं असेल तर पेनड्राइव्ह घेऊन पंढरीकडे जावं लागतं, अन् त्याच्याशी मी बोलत नाही. डबा खोलीतच खाते. उठून गेलं अन् मागे कुणी काही केलं तर?

एका अर्थी हे आदर्श मशीन आहे. त्याला जगातलं काहीच पोचू शकत नाही.

थंडी पडायला लागली. रस्त्यावर कापसाचे ट्रक सुरू झाले. खिडकी बंद ठेवते, नाहीतर पाचची घोषणा नीट ऐकू येत नाही. आता ऐकणारी मी एकटी, त्यामुळे शिस्तीचा प्रश्न थोडा बाजूला राहतो. त्यावर विचार करून नंतर लिहीन.

१० नोव्हेंबर, सोमवार

उत्तमराव सरांनी लेखी दिलं. शुक्रवारपर्यंत शेवटचं मशीन नवीन झालं पाहिजे, फौरन तामील व्हावी, म्हणजे ताबडतोब अंमल, नाहीतर हैदराबादहून माणूस बोलावून सगळं पुसून नवीन बसवण्यात येईल.

मी उत्तर लिहिलं. चार मुद्दे काढले. पहिला, जुनं मशीन जास्त टिकाऊ. दुसरा, कराराची भाषा. तिसरा, खर्च. चौथ्या मुद्द्याला ‘घोषणा’ लिहिलं अन् पुढे काही सुचेना. तीनच मुद्दे ठेवले. छापायला पंढरीकडे जावं लागेल म्हणून दिलंच नाही.

यांना जाऊन वर्ष होतं म्हणून रविवारी पुण्यानुमोदन आहे. दीक्षा शनिवारी येईल. भंतेजींना सांगायचं, चादर, भांडी, खीर. काही केलं नाही अजून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार

अश्विनी चहा घेऊन आली. दार वाजवलं. मी विचारलं, काय काम आहे? ती म्हणाली, काम नाई अक्का, चहा आहे. कडी काढली. तिनं कप टेबलावर ठेवला. खोलीत इकडेतिकडे पाहिलं. म्हणाली, उद्या तो मानूस आला तं सगळं पुसून टाकते. तुमाला यातलं काय पाहिजे?

मी म्हटलं, हे मशीन सुस्थितीत राहणं संस्थेच्या दृष्टीनं... ती म्हणाली, अक्का, संस्थेचं मले माहीत आहे. तुमाला काय पाहिजे?

मी कप हातात घेतला. ती म्हणाली, दादांचा आवाज?

मी मानेनं हो म्हटलं.

ती माझ्या खुर्चीत बसली. काहीतरी दोन-तीन ठिकाणी उघडलं. म्हणाली, हे पहा, इथंच आहे. छोटीशी फाइल. मोबाईल अन् त्याची वायर द्या. मग तिनं ती माझ्या मोबाईलमध्ये टाकली. चहा अजून गरम होता.

मी विचारलं, एवढंच? ती म्हणाली, एवढंच. आनखी पाहिजे तं सगळ्या नवीन मशीनवर लावून देते पाचच्या वेळेला. पंधरा मिन्टाचं काम आहे.

मी विचारलं, हे तुला सप्टेंबरात येत होतं? म्हणाली, येत होतं. मग बोलली काऊन नाही? ती म्हणाली, तुमी मले तेलुगूतली चिठ्ठी लिहायला सांगितली होती अक्का. हे नाई सांगितलं. मले वाटलं तुमी वाचून ठरवलं असंल.

विचार करून सांगते म्हणाले.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ

घरी आले. हातपाय धुतले. यांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. पलंगावर बसून मोबाईल काढला अन् दाबलं.

‘पाच वाजले बरं. मशीन बंद करा अन् घरी जा. घरी कोनीतरी वाट पाहून राह्यलं.’

मी दाराकडे पाहिलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा दाराकडे पाहिलं. तिसऱ्यांदा ठरवलं होतं पाहायचं नाही.

दफ्तरात हे मला असं लागलं नव्हतं. तिथे हा आवाज लोकांना घरी पाठवत होता, अन् वर्षभर मी त्या लोकांत उभी होते. इथे घरात बसून ऐकलं तर आवाज येतो अन् माणूस येत नाही. वर्षभर मी पाचनंतर तिथेच का थांबत होते ते काकूंच्या घड्याळाला माहीत होतं.

शिस्तीबद्दल लिहिलं होतं ते सगळं मी आता वाचून पाहिलं. चांगलं लिहिलं आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी अश्विनीला सांगितलं, नवीन मशीनवर आवाज लावू नको. ती बरं म्हणाली. यांच्या मशीनला नेटची वायर जोडली, तारीख आजची केली अन् अपडेट चालू केलं. खोलीचं दार उघडं ठेवून पंढरीकडे गेले, त्याला म्हटलं, माझं काही छापायचं नाही, नुसती बसायला आले. त्यानं खुर्ची दिली. दुपारपर्यंत मशीन नवीन झालं. पाचला ते बंद केलं, बाजारात जाऊन रविवारच्या खिरीसाठी तांदूळ अन् गूळ घेतला आणि घरी गेले.